दोन अर्थिंगचं घर

स्पीकरमधून येणाऱ्या नको असलेल्या आवाजाला आमच्या धंद्यात 'हम' म्हणतात. हे झालं दुकानातलं नाव. गिऱ्हाईक आपापल्या परीनं सांगतं. झरीचे एक पाटील म्हणायचे, "खोक्यात भुंगा बसलाय." पेडगावच्या एका बाईंनी "आमचा टेप कण्हायलाय हो" म्हणत डेक माझ्यापुढं असा अलगद ठेवला, की मला आधी त्याची नाडी बघावीशी वाटली. एका गुरुजींनी तर हम स्वतःच्या तोंडानं काढून दाखवला, तोही डोळे मिटून, पट्टी धरून. वर विचारलं, "हाच ना?" मी म्हटलं, हाच. गुरुजींचा सूर माझ्या मीटरपेक्षा पक्का होता.

परभणीत बसस्टँडच्या मागं माझं दुकान आहे. डोक्यावर केस होते तेव्हापासून आहे. आता लोक मोबाइलवर गाणी ऐकतात आणि तांब्याएवढा एक स्पीकर घेऊन फिरतात. तो बिघडला की फेकतात. घरात ॲम्प्लिफायर, कॅसेटचा डेक आणि कपाटाएवढे दोन खोके अजून सांभाळणारे जे थोडे हट्टी लोक जिल्ह्यात उरलेत, ते माझं गिऱ्हाईक. त्यामुळं हल्ली काम कमी आणि फुरसत भरपूर. दिवाळी अंकात लिहायची पाळी माणसावर अशीच येते.

हम म्हणजे काय, ते आधी सांगतो. आपल्या घरात येणारी वीज सरळ वाहत नाही, ती सेकंदाला पन्नास वेळा मागंपुढं हलते. हे हलणं ॲम्पनं गिळून टाकायचं असतं. गिळलं नाही की ते गाण्याबरोबर स्पीकरमधून बाहेर येतं आणि 'घुंऽऽ' ऐकू येतं. आता ते आत शिरलं कुठून, हे शोधायचं. पहिली परीक्षा सोपी आहे, घरी करून बघा. आवाजाचं बटण पूर्ण खाली करा. तरीही हम तेवढाच राहिला, तर दुखणं ॲम्पच्या पोटात आहे. कमी झाला, तर ते बाहेरून कुठल्या तरी वायरीतून येतंय. मग मागच्या सगळ्या वायरी काढायच्या आणि एकेक लावत जायचं. जी लावल्यावर घुं येतो, ती चोर. एवढंच शास्त्र. बाकी सगळा वेळ माणसांत जातो.

एका रिटायर साहेबांच्या घरी मी ॲम्प पुन्हा पुन्हा उघडला आणि पुन्हा पुन्हा निरोगी निघाला. शेवटी भिंतीला कान लावला, तर हम पलीकडच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा. साहेब मानायला तयार नाहीत. म्हणाले, "तो फ्रिज आमच्या सासुरवाडीचा हाय." जणू सासुरवाडीच्या वस्तूनं आवाज करायचाच नसतो. बाईसाहेब दारातच उभ्या होत्या, म्हणून मीही ॲम्पच्या मागं उगाच एक वायर हलवली आणि "आता बघा" म्हणालो. फ्रिज तेवढ्यात आपला आपण बंद झाला. त्या घरात अजून माझं नाव आहे.

पण ज्या हमबद्दल लिहायचं म्हणून हे सगळं मांडलं, तो जिंतूरचा.

सकाळी फोन आला. "काका, मी मन्मथ बोलायलोय जिंतूरहून. आमच्या अप्पांच्या सिस्टीमला हम हाय. दोन मेकॅनिक झाले, जायना. तुमी येऊन बघा. पर एक सांगून ठिवतो, दोष आमच्या धाकट्याच्या वायरीत हाय. तेवढं तुमच्या तोंडून आलं म्हंजे झालं."

मी पिशवीत मीटर, सोल्डर, स्क्रूड्रायव्हर टाकून एसटी पकडली. गाडी झरीला थांबली तेवढ्यात दुसरा फोन. "काका, मी नागनाथ. मन्मथदादाचा धाकटा. तुमी निघालाव म्हणं. या. पर दोष दादाच्या लाइटीत हाय, तेवढं खरं खरं सांगा." गिऱ्हाइकाला निदान आधी आणि तपासणी नंतर लागते, हे मला नवं नव्हतं. पण एका रोगाची दोन निदानं एसटीत बसल्या बसल्या मिळाली, असं पहिल्यांदाच होत होतं.

घर बाजारपेठेत होतं, पक्कं सिमेंटचं. पुढं सरकी-पेंडीचं दुकान. म्हणजे पूर्वी एक होतं, आता शेजारी शेजारी दोन होती. दोन्हींत तोच माल आणि दोन्ही पाट्यांवर आजोबांचं तेच नाव. वाटणी अशी नीट झाली होती की नावही निम्मंनिम्मं करता येईना, म्हणून दोघांनी पूर्ण घेतलं. घराच्या मधून भिंत, मागच्या अंगणातही भिंत. अंगणातली भिंत एका बेलाच्या झाडापर्यंत येऊन थांबत होती आणि झाडाच्या पलीकडून पुन्हा सुरू होत होती. घर शिवभक्तांचं, गळ्यात लिंग आणि कपाळावर विभूती असल्याशिवाय तोंडात घास न घालणाऱ्यांचं. बेलावर कुऱ्हाड चालवायची छाती दोघांतही नव्हती. त्या फटीतून शेळी आरामात ये-जा करू शकली असती. माणसं करत नव्हती.

अप्पा, म्हणजे दोघांचे वडील, राहायचे मधल्या खोलीत. खोलीला दोन दारं, एक थोरल्याच्या घरात उघडणारं, एक धाकट्याच्या. सकाळचं ताट या दारातून यायचं, संध्याकाळचं त्या दारातून. वाटणीत खोली थोरल्याच्या बाजूला धरलेली, त्यामुळं धाकट्याकडचं दार बुजवायचं ठरलं होतं. विटा दारापाशी रचून ठेवल्या होत्या, मिस्तरीला सांगून झालं होतं. अडलं होतं ते हमपायी. अप्पांच्या टीव्हीची वायर धाकट्याच्या गच्चीवरच्या डिशच्या छत्रीपासून त्याच दाराच्या चौकटीतून आत यायची. दार बुजवलं आणि मग हमसाठी वायर हलवावी लागली, तर भिंत फोडावी लागणार. म्हणून दोघा भावांनी, बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा, एका गोष्टीवर एकमत केलं होतं : आधी हम काढायचा, मग दार बुजवायचं.

हे मला मन्मथनं आल्या आल्या सांगितलं. मी एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडलं. हम शोधायला आलेल्या माणसाला विटांशी काय देणंघेणं?

अप्पा पलंगावर मांडी घालून बसले होते. अंगानं वाळलेले, आवाज मात्र भरदार. "या उस्ताद," म्हणाले. "आधी पाणी घ्या. मशीन काय पळून जायलीय का?"

पाणी पिता पिता मी सिस्टीम बघितली. चांगला जुना ॲम्प, डेक, दोन मोठे खोके, रांगेत लावलेल्या कॅसेट. टीव्हीचा आवाजही ॲम्पमधूनच काढलेला, कारण अप्पांना टीव्हीवरची प्रवचनं मोठ्यानं लागायची. मी बटण फिरवलं आणि घुं आला. चांगला जाडजूड, तुपातला. खिडकीची काच थरथरली.

आणि लगेच दोन्ही दारं उघडली. एकातून मन्मथ आला, दुसऱ्यातून नागनाथ.

"ऐकलाव का? हे असं हाय," मन्मथ म्हणाला. "ह्याची वायर आल्यापासून हाय."

"वायरीत काय हाय? लाइट कुणाच्या मीटरवरची हाय ते बघा की," नागनाथ म्हणाला.

दोघंही माझ्याकडं बघून बोलत होते. एकमेकांना जे सांगायचं ते माझ्या मार्फत सांगत होते. मी ॲम्प उघडला. मन्मथच्या मेकॅनिकनं सगळे कंडेन्सर बदलले होते, नागनाथच्या मेकॅनिकनं ट्रान्सफॉर्मर बदलला होता. मूळचं असं त्या ॲम्पमध्ये पत्र्याचं खोकंच काय ते उरलं होतं. पोटात काही दोष नव्हता. आवाज खाली केला की हम जात होता, म्हणजे चोर बाहेरचा. सगळ्या वायरी काढल्या, शांत. डेक लावला, शांत. छत्रीला जोडलेल्या टीव्हीचा आवाज ॲम्पमध्ये आणणारी पिनवायर लावली आणि घुं.

"बघा, म्हणलं नव्हतं का मी?" मन्मथ म्हणाला.

मी पिनवायर तशीच ठेवून ॲम्पचा तीन पिनांचा प्लग काढला आणि अर्थिंगची पिन मोकळी करून परत लावला. हम गेला.

"बघा," नागनाथ म्हणाला.

मग मी प्लग पूर्ववत केला, पिनवायर सोडवली आणि मीटरची एक सुई ॲम्पच्या बॉडीला लावली, दुसरी छत्रीच्या वायरीवरच्या तारेच्या जाळीला. काटा उठला. हलकासा नाही, चांगला उठला. त्याच वेळी बाहेर नागनाथच्या बोअरची मोटर सुरू झाली आणि काटा अजून वर गेला. मला कळायचं ते कळलं.

यंत्राच्या पत्र्यात उतरलेली चुकार वीज जमिनीत सोडायला घराबाहेर खड्डा करून त्यात तांब्याची पट्टी पुरतात, कोळसा भरतात, वर पाणी घालतात. तेच अर्थिंग. एका घराला एक अर्थिंग असावं. इथं वाटणीनंतर दोघांनी आपापल्या अंगणात आपापलं खणलं होतं. अप्पांची लाइट थोरल्याच्या अर्थिंगवर होती आणि छत्री धाकट्याच्या. वरवर बघता दोन्ही घरं तुटली होती, पण खाली जमिनीत दोन खड्डे आणि वर अप्पांच्या टेबलावर एक पिनवायर, असं ते जोडलेलंच होतं. दोन्ही खड्ड्यांतल्या विजेच्या दाबाचा फरक त्या बारीक वायरीतून वाहायचा आणि तोच ऐकू यायचा. धाकट्याच्या मोटरमधून वीज गळत होती, मोटर चालू झाली की फरक वाढायचा. म्हणजे दोष थोरल्याच्या लाइटीत नव्हता आणि धाकट्याच्या वायरीतही नव्हता. दोष दोघांच्या मधे होता.

हे मी दोघांना सांगितलं. आपला निकाल लागला नाही म्हणून दोघंही नाराज झाले.

"मग जुनं अर्थिंग कुठं गेलं?" मी विचारलं.

अप्पा म्हणाले, "बेलाखाली हाय. मी सोता बसवल्यालं. मीठ झाडाला सोसत न्हाई म्हणून नुसता कोळसा घातला व्हता. बेलाला पाणी घातलं की त्यालाबी मिळायचं. येगळं काय करायची गरज न्हाई."

मी चमकून बघितलं. खड्ड्यात मीठ घालतात हे बऱ्याच वायरमनला माहीत असतं, झाडाजवळ घालू नये हे फार थोड्यांना. अप्पांनी तरुणपणी रेडिओ खोलून बसवलेले होते, हे मला नंतर कळलं.

तर ते जुनं अर्थिंग अगदी भिंतीच्या फटीत आलं होतं. कुणाच्या वाट्याला धरायचं कळेना, म्हणून दोघांनीही सोडून दिलं. बेलालाही पाणी पलीकडचा घालत असेल असं प्रत्येकाला वाटत होतं. बेल वाळायला लागला होता. जात्याच्या तळीपासून तुळईपर्यंत सगळं वाटून घेणारी माणसं, पण ज्याची वाटणी होईना ते टाकून द्यायचं, एवढंच त्यांना सुचलं.

खरं तर मी हम अडवणारी एक छोटी डबी मधे बसवून, चहा संपायच्या आत काम उरकू शकलो असतो. तशी डबी पिशवीत होती. पण गळक्या मोटरचं घर मी तसंच सोडणार नव्हतो. शिवाय माझ्यातला कीर्तनकार जागा झाला होता. मी म्हटलं, "दोन्ही घरांची अर्थिंग सोडा आणि बेलाखालच्या एकावर आणा. मोटरची केबल बदला. माती एक झाली की हम राहत नाही." शेवटचं वाक्य मी मुद्दाम जरा रेंगाळत बोललो. मला वाटलं, दोघांच्या डोळ्यांत पाणी येईल. मन्मथनं विचारलं, "वायर कुणाच्या बाजूनं नेयची?"

अप्पा मात्र माझ्याकडं बघत होते. "उस्ताद, खरंच जाईल?"

"मुळासकट जाईल," मी म्हटलं. त्यांना आनंद व्हायला पाहिजे होता. त्यांनी नुसती मान हलवली आणि डोळे मिटले. डेकवर आणि कॅसेटवर बोटभर धूळ होती, ती मी तेव्हा बघितली, पण तिचा अर्थ लावला नाही. मी धूळ बघतो ती डेकचं हेड साफ करायला.

पुढच्या खेपेला काम झालं. बेलाखालचा खड्डा उकरला, पट्टी घासली, नवा कोळसा भरला. भावांनी आपापल्या बाजूनं चर खणून वायर आणली, एकानं उरकल्यावर दुसऱ्यानं, म्हणजे फावडं मारताना समोरासमोर यायला नको. मोटरची केबल बदलली. उन्हाळ्यात रोज पाणी घालायचं, असं मी बजावलं. त्याचीही लगेच वाटणी झाली. सकाळची घागर थोरल्याची, संध्याकाळची धाकट्याची.

मग आम्ही खोलीत आलो. सगळ्या वायरी लावल्या. मी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

काही नाही. मोटर चालू केली, तरी काही नाही. खोक्याला कान लावला तर आतली जाळी श्वास घेतेय एवढंच वाटलं. खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतका स्वच्छ हम मी काढला नव्हता. मन्मथ म्हणाला, "गेला." नागनाथ म्हणाला, "गेला." आणि दोघं आपापल्या दारानं गेले.

परत येताना मी एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला सगळी हकीकत सांगितली. त्याला बोरीला उतरायचं होतं, तरी मी सोडलं नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी ती गोष्ट ऐकवायला लागलो. दोन घरांची माती एक केली म्हणून सांगायचो. बायको म्हणाली, "त्यांची मनं एक झाली का?" मी म्हटलं, होतील की. ती म्हणाली, "इचारलाव का?" विचारलं नव्हतं.

नंतर एकदा अप्पांचा स्वतःचा फोन आला. "उस्ताद, जरा येऊन जा."

"हम आला का परत?"

"न्हाई. हम न्हाई. तेच सांगायचं हाय."

मी गेलो. दोन्ही दारं लावलेली होती. धाकट्याकडच्या दारापाशी विटांच्या शेजारी आता वाळूही येऊन पडली होती. अप्पा एकटे होते. सिस्टीम बंद होती.

"बसा. पाणी मात्र तुमचं तुमीच घ्या," ते म्हणाले. "घागर तिथं हाय. बोलावलं तर येत्यात, न्हाई असं न्हाई. पर बोलवायला काय तरी काम लागतं."

मी पाणी घेतलं.

"तुमी लय चांगलं काम केलाव. माझ्या घरात आता आवाजच न्हाई." त्यांनी बोटानं दोन्ही दारं दाखवली. "घुं व्हता तवा रोज येयचे दोघंबी. मी बटण लावलं की ह्या दारातून एक, त्या दारातून एक. तुझी वायर, तुझी लाइट, भांडायचे. भांडू दे की. माझ्या म्होरं उभं राहून भांडायचे. मला दोघांचीबी तोंडं एकदम दिसायची."

मी पेला खाली ठेवला.

"मला ठावं व्हतं हो, दोन अर्थिंगचं हाय ते. पहिल्या दिवशीच ठावं व्हतं. मी का बोललो न्हाई, ते तुमी इचारलं न्हाई." ते हसले. "आता अमावास्या झाली की मिस्तरी येतोय. वायर वरच्या झरोक्यातून घेत्यात म्हणं. मग ते दार गेलं. धाकटा मग बाहेरून, रस्त्यानं येणार, चपला घालून. पाव्हण्यासारखा. किती दिवस येईल?"

धूळ, मिटलेले डोळे, 'खरंच जाईल?', सगळं मला एकदम कळलं आणि स्वतःची लाज वाटली. मी घरोघर ज्या कामाची टिमकी वाजवत फिरत होतो, त्यानं एका म्हाताऱ्याची दोन्ही पोरं बाहेर काढली होती.

"अर्थिंग सोडू का परत?" मी विचारलं. विचारता विचारताच नको वाटलं. मोटर पुन्हा कधी गळली तर? "नाही अप्पा, अर्थिंगला मी हात लावणार नाही. माणूस चिकटंल."

"मग काय तरी हिकमत करा की. उस्ताद हाव ना?"

मी ॲम्प पुढं ओढला. शिकाऊ पोरांना आयुष्यभर जे करू नका म्हणून ओरडलो, ते सगळं त्या दुपारी मी मन लावून केलं. पिनवायरची जाळी एका टोकाला सोडली. वायर मुद्दाम लांब ठेवली, तिला वळण दिलं आणि ट्रान्सफॉर्मरच्या अगदी अंगावरून नेली. धोका काही नाही, शॉक बसायचा नाही, नुसता हम. बांधून नीट टाका मारला. वाईट कामही चांगलं करायची सवय असते.

बटण लावलं. घुं आला, पण नाजूक.

"वाढवा जरा," अप्पा म्हणाले. "थोरल्याला अलीकडं कमी ऐकू येतंय."

मी वायर आणखी आत सरकवली. अप्पांनी मान तिरकी करून ऐकलं, गवयानं तानपुरा ऐकावा तसं.

"लय झाला. इतका नको. राग यावा, पर इकून टाकावं वाटू नये, असा लावा."

हम काढायचं माप माझ्याकडं होतं, घालायचं नव्हतं. आम्ही दोघं बराच वेळ तो हम जुळवत बसलो. शेवटी अप्पांनी हात वर केला. मी झाकण लावलं, स्क्रू आवळले आणि माझ्या दुकानाची चिठ्ठी अशी चिकटवली, की ती फाडल्याशिवाय कुणाला आत बघता येऊ नये. एरवी ही चिठ्ठी मी अभिमानानं लावतो. त्या दिवशीही अभिमानानंच लावली.

अमावास्येच्या आधीच फोन आले. पहिला मन्मथचा, "काका, हम परत आलाय. धाकट्यानं मोटरचं काय तरी केलंय." दुसरा नागनाथचा, "काका, दादानं मीटरला हात लावलाय." मिस्तरीला थांबवलं होतं. आधी हम, मग दार, हे त्यांचं ठरलेलंच होतं, आणि ही माणसं शब्दाला पक्की.

मी लगेच गेलो नाही. लगेच गेलं की गिऱ्हाइकाला दुखणं साधं वाटतं. पार्ट मिळंना, कंबर धरली, असं सांगत राहिलो. शेवटी गेलो तेव्हा दोघंही खोलीत होते. खोलीत घुं भरला होता. अप्पा पलंगावर मांडी घालून, डोळे मिटून, गरीब चेहरा करून बसले होते. मी मीटर काढला, इकडं लावला, तिकडं लावला, कपाळाला आठ्या घातल्या.

"तुझी मोटर गळायलीय परत," मन्मथ म्हणाला. माझ्याकडं बघून नाही, सरळ भावाकडं बघून.

"मोटर बंद हाय."

"बंद असती तर हे आलं असतं का?"

"मग येऊन बघ की," नागनाथ म्हणाला. "माझं खोटं वाटत असंल तर येऊन बघ."

मन्मथ थांबला. त्यानं अप्पांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, त्या रचलेल्या विटांकडं बघितलं. मग विटांना वळसा घालून तो धाकट्याच्या दारातून आत गेला. मागं नागनाथ गेला. आतून कुणी तरी बाई म्हणाली, "भावजी, तुमी?" आणि मग भांड्याचा आवाज आला, चहाचं आधण ठेवतात तसा.

मोटर बघायला किती वेळ लागतो? बटण बंद आहे की चालू, एवढंच बघायचं असतं. मी आणि अप्पा वाट बघत बसलो. पलीकडून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. आवाज चढत होते, उतरत होते, पण कुणी निघत नव्हतं.

अप्पांनी एक डोळा उघडून दाराकडं बघितलं. मग हात लांबवून आवाजाचं बटण अजून थोडं पुढं सरकवलं.